घरच्या माणसाचे किमान वेतन

अण्णा,

सभागृहाबाहेरच्या लाकडी बाकावर बसून हे लिहितो आहे. आत किमान वेतनाची सुनावणी आहे. वेळ अकराची होती. साडेअकरा वाजून गेले तरी सुनावणी घेणाऱ्या साहेबांची गाडी परळीच्या रस्त्यावर वीज केंद्राच्या राखेच्या ट्रकांमागे अडकली आहे, असे शिपाई सांगतो. माझ्या मांडीवर व्यापारी मंडळाच्या हरकतीच्या प्रती आहेत. लेखन माझे आहे आणि वाचनही मलाच करायचे आहे. कागदाची मागची बाजू कोरी आहे, माझे तळवे घामाने ओले झाले आहेत, आणि हातांना काही उद्योग असावा या निव्वळ आरोग्यविषयक हेतूने मी तुम्हाला लिहायला बसलो आहे. तुम्ही जाऊन बावीस वर्षे झाली. विलंबाबद्दल क्षमायाचनेचा एक परिच्छेद माझ्याजवळ सदैव सिद्ध असतो. परंतु तो मी सरकारी कार्यालयांसाठी राखून ठेवतो.

विषय असा आहे. दुकानात राबणाऱ्या माणसाला कायद्याने किमान किती पगार द्यावा, हे ते गाव कोणत्या परिमंडळात मोडते यावर ठरते. मोठ्या शहरांचे परिमंडळ वरचे, तिथे पगार अधिक. लहान गावांचे खालचे, तिथे कमी. कामगारांची मागणी आहे की बीड आता वरच्या परिमंडळात घालावे. मंडळाचे म्हणणे आहे की बीड हे मुळात शहरच नव्हे. आणि येथेच तुमच्या चिरंजीवांचे पांडित्य संकटात सापडले. काही वर्षांमागे याच मंडळाने, येथे महानगरपालिका व्हावी, असे निवेदन दिले होते. तेही मीच लिहिले होते. त्यात मी या गावाला ‘बिंदुसरेच्या उभय तीरांवर विस्तारलेली, वर्धिष्णू, महानगरत्वाच्या उंबरठ्यावर उभी असलेली नगरी’ असे संबोधले होते. आजच्या हरकतीत तीच नगरी ‘बहुतांश कोरड्या नदीकाठी विखुरलेली, कृषिनिर्भर, ग्रामस्वभावी वसाहत’ झाली आहे. सह्या त्याच, शिक्का तोच, अध्यक्षही तेच. मधल्या काळात गाव आकसल्याचे कोणाच्या ध्यानात आलेले नाही. आत कोणी ते जुने निवेदन पिशवीतून काढले, तर मलाच माझ्या विरोधात उभे राहावे लागेल, आणि अण्णा, मला भीती वाटते की मी फार चांगला बोलेन.

अध्यक्ष कापडाचे मोठे व्यापारी आहेत. ते समोर येरझारा घालत आहेत. मघाशी थांबून म्हणाले, “पंडित, झणझणीत वाचा बरं का. त्या ‘ग्रामस्वभावी’वर जोर द्या. साहेबाला अर्थ विचारायची लाज वाटली पायजे.”

मला बाजारात पंडित म्हणतात. हे पांडित्य कुठून आले, हे एक तुम्हालाच ठाऊक होते. तुम्ही सेठजींच्या भांड्यांच्या दुकानात पायरीशेजारी पोते अंथरून बसायचात आणि लग्नाच्या आहेरावर नावे घालायचात. छिन्नीचे टोक, हातोडीचे बारीक ठोके. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उमटायचे. मजुरी अक्षरामागे. लगीनसराईत हाताला उसंत नसे आणि चातुर्मासात हाताला काम नसे. तुमचे शिक्षण चौथीपर्यंतचे, म्हणून मी कॉलेजात संस्कृत घेतल्यावर भांड्यावर पेन्सिलीने मजकूर आखून देण्याचे काम माझ्याकडे आले. ‘मामाकडून भेट’ एवढ्यावर भागवू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला मी ‘मातुलांकडून सस्नेह शुभाशीर्वादपूर्वक’ असे सुचवीत असे. गिऱ्हाईक भारावून जाई, तुमची अक्षरे तिपटीने वाढत, आणि मातुल हे गृहस्थ कोण, हे वधूपक्षाला अखेरपर्यंत कळत नसे. तेव्हापासून मला आखूड बोलता येत नाही. लोक त्याला व्यासंग समजतात. वस्तुतः ती अक्षराच्या दराने लागलेली खोड आहे.

आज सकाळपासून मात्र मला एकच दुपार दिसते आहे. वैशाख आहे. दुकान निरीक्षक येत असल्याची वार्ता त्यांच्या जीपच्या आधी बाजारात शिरली आहे, आणि दुकानातले दोघे नोकर मागच्या दाराने गोदामात गेले आहेत. तुमच्या मांडीवर अर्धे नाव घातलेला हंडा आहे. तुम्हाला उठता आलेले नाही. निरीक्षक पायरी चढतात आणि तुमच्याकडे बोट करून विचारतात, “हा कोण?” ज्या सेठजींच्या मुखातून तुमच्यासाठी ‘ए’ या एकाक्षरी संबोधनापलीकडे मी काही ऐकले नव्हते, ते गादीवरून उतरतात, तुमच्या खांद्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, “भाऊ आहे माझा. गावाकडं असतो.” सेठजींच्या चेहऱ्याची ठेवण आणि तुमची ठेवण एका आईची नव्हे, हे निरीक्षकांना दिसत होते, मला दिसत होते, हंड्यालाही दिसले असावे. तुम्हाला गादीवर बसवण्यात येते. रोज काचेच्या ग्लासात येणारा तुमचा चहा आज कपबशीत येतो. तुम्ही तो बशीत ओतता आणि इतका सावकाश पिता की मला वाटते, हा आता संपणारच नाही.

संध्याकाळी आई चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापीत होती. तुम्ही तिला सांगितले, “सेठनी आज सरकारी माणसापुढं मला भाऊ म्हणलं.” दोनदा सांगितले. मी नुकताच न्यायशास्त्राची दोन पाने वाचून आलेलो, मी म्हणालो, “अण्णा, ही प्रतारणा आहे. माणूस घरचा म्हटला की त्याला कायदा लागत नाही. तुमच्या मजुरीचा प्रश्न त्यांनी एका शब्दात मिटवला.” तुम्ही हातातला घास ताटात ठेवला.

“गप बे. लई शिकलास म्हून बापाला शिकवतुस व्हय? वीस वरसात त्या माणसानं मला नावानं हाक न्हाई मारली. आज भाऊ म्हणला. तुला कावून टोचतंय?”

आई म्हणाली, “भाकर खा आधी दोघंबी. गार व्हाय लागली.”

मी भाकरी खाल्ली. तर्कशास्त्रात याला पराजय म्हणतात. परंतु तुम्ही त्या शब्दावर किती भार टाकला आहे, हे मला पुढच्या मार्गशीर्षात कळले. सेठजींच्या मुलीचे लग्न निघाले आणि तुम्ही पितळेची कळशी विकत आणली, तीही दुसऱ्या दुकानातून. का, असे विचारल्यावर म्हणालात, “भावानं भावाच्या दुकानातून आहेर न्हाई घेऊ.” मग कळशी माझ्यापुढे ठेवून म्हणालात, “लिही. काकाकडून.” मी सवयीने ‘पितृव्यांकडून’ सुचवले. तुम्ही मान हलवलीत. “न्हाई. काकाच लिही. पोरीला कळाय पायजे.” आयुष्यात त्या एका भांड्यावर मी तुमच्यासाठी आखूड लिहिले, आणि तुम्ही ते इतक्या निगुतीने ठोकलेत की ठिपके वेगळे दिसत नव्हते. लग्नात तुम्ही धुतलेले धोतर नेसून गेलात. आहेराच्या ढिगावर कळशी ठेवून पंक्तीत बसलात. कुणी उठवले नाही. तुम्ही खूश होतात.

बारा-पंधरा दिवसांनी मी कॉलेजातून दुकानात आलो, तेव्हा तुमच्यापुढे पोते ओतलेले होते. आहेरात दुपटीने-तिपटीने आलेली भांडी दुकानाकडे परतली होती. गादीवरून सेठजी सांगत होते, “ए, सगळी नवीच आहेत. नावं तेवढी काढ आणि पॉलिश मार, विकायला लावू.” तुमच्या मांडीवर कळशी होती. तुम्ही घासकागद धरून ‘काकाकडून’ घासत होतात. नाव घालण्याला दर होता, काढण्याला नव्हता. मी पायरीवर उभा, आणि माझ्यापाशी त्या वेळी तीन शब्दकोश होते. एकातलाही शब्द उपयोगी पडेना. तुम्ही वर न बघता म्हणालात, “पितळ चांगलं हाय. आता नवी दिसंल.”

यावर आपण कधीच बोललो नाही. मी मनात ठरवले होते की पुढेमागे आपले दुकान झालेच, तर त्यात कोणाला भाऊ म्हणायचे नाही. दुकान झाले, अण्णा. तुमच्या मागे झाले. लहान आहे, पण पाटी मोठी आहे, मजकूर माझा असल्यामुळे. पूर्वी लोक लग्नाची सगळी भांडी एका दुकानातून न्यायचे. आता निम्मी मोबाइलवरून मागवतात आणि उरलेल्यांसाठी माझ्याशी भाव करतात. दुकानात मी आहे आणि एक बाई आहेत. अकरा वर्षे आहेत. आष्टीकडच्या, माहेरी मेंढरांचे कळप. नवरा गेल्यावर लेकीला घेऊन शहरात आल्या. डबे खोक्यांतून काढणे, पुसणे, उतरंडी लावणे, आणि मी ‘बहूपयोगी पाकपात्र’ म्हणून वर्णन करीत असताना गिऱ्हाइकाला “यात दोन किलो तांदूळ बसतो” एवढे सांगून ते विकून मोकळे होणे, हे त्यांचे काम. मी त्यांना बाई म्हणतो, त्या मला मालक म्हणतात. हजेरीचे पुस्तक नाही, पगाराची पावती नाही. मी कसलेच नाते लावले नाही, हाच माझा सदाचार आहे, असे मी इतकी वर्षे समजत आलो. तो सदाचार परवापर्यंत टिकला.

परवा अध्यक्षांनी बैठक घेतली. म्हणाले, साहेब कामगारांनाही बोलावणार आहेत; प्रत्येकाने आपापल्या माणसाला सांगून ठेवा, नात्यातलेच आहोत म्हणावे. घरच्या माणसाला कायदा लागत नाही. त्यांचे ते वाक्य ऐकताना माझ्या तोंडाला बाजरीच्या भाकरीची चव आली. तरीही मी दुकानात परतलो, घसा खाकरला आणि म्हणालो, “बाई, सुनावणीत पृच्छा झालीच, तर आपला आणि माझा आप्तसंबंध असल्याचे सांगितल्यास उभयपक्षी श्रेयस्कर ठरेल.”

त्या टोप पुसत होत्या. “म्हंजे म्या तुमची भैन?”

“तसे म्हणता येईल.”

“मग अकरा भाऊबिजा झाल्या की. ओवाळणी कुठं हाय?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “पोरीच्या लग्नात मामा म्हून मागं उभं ऱ्हाशाल का? न्हाई ना? मग कशाला?” टोप फडताळात ठेवून त्या पुढे म्हणाल्या, “मालक, आमच्यात कळपावर गडी ठिवला तर वरसाची किती कोकरं त्याची, ते आधीच ठरतं. तोंडावर सांगून. कोकराच्या कानाला खूण करून. त्येला कुणी भाऊ न्हाई म्हणत. भाऊ म्हणलं की कोकरू मालकाकडंच ऱ्हातंय अन् भांडण तेवढं मागं ऱ्हातंय.”

मी विषयांतरार्थ परिमंडळाचा सिद्धांत मांडला. बीड हे तत्त्वतः ग्रामस्वभावी आहे, असे निवेदन केले.

“खोलीचं भाडं शहराचं. गॅस शहराचा. पोरीची फी शहराची. माझा पगार तेवढा खेड्याचा व्हय?”

हरकतीच्या सात पानांत, अण्णा, याला उत्तर नाही. मी शोधले. संध्याकाळी निघताना त्या दारात वळल्या आणि म्हणाल्या, “येते, दादा.” चेष्टेने म्हणाल्या, माझ्या ते पूर्ण ध्यानात आले. आणि तरीही घरी पोचेपर्यंत मला फार बरे वाटत राहिले. त्या बशीतल्या चहाचा हेवा मी कधी करीन, असे मला वाटले नव्हते.

आता त्या समोरच्या भिंतीशी, इतर दुकानांतल्या बायकांबरोबर बसल्या आहेत. माझ्याकडे बघत नाहीत. त्या ‘बहीण’ म्हणाल्या, तर दुकान वाचेल आणि मी सेठजी होईन. खरे बोलल्या, तर अकरा वर्षांचा हिशेब साहेब माझ्याकडून मागतील, आणि तो चुकता करायला मला दुकानच विकावे लागेल. मग त्यांनाही काम उरणार नाही. ही दुसरी शक्यता मी त्यांना सांगितलेली नाही. सांगितली असती तर ती धमकी झाली असती. न सांगितल्यामुळे काय झाले, ते ठरवायला वेळ नाही. शिपाई दार उघडतो आहे. साहेब आले.

पुढचे दुकानात बसून लिहितो आहे. दुपार कलली आहे.

मी सातही पाने वाचली. ‘ग्रामस्वभावी’वर जोर दिला. अध्यक्षांनी मान डोलावली, मागून दोघांनी टाळ्याही वाजवल्या. जुने निवेदन कोणी काढले नाही. मी ज्या ज्या विद्वत्तापूर्ण प्रहाराची भीती बाळगून होतो, त्यातला एकही आला नाही. साहेब तरुण आहेत, त्यांनी चष्मा वर सरकवला आणि साध्या आवाजात विचारले, “तुमच्या स्वतःच्या दुकानात किती माणसं कामाला आहेत?”

माझ्या तोंडून गेले, “एक आहेत… परंतु त्या घरच्याच.”

गेले, अण्णा. न आखता गेले. साहेबांनी भिंतीकडे पाहिले. “कोण आहेत त्या? बाई, तुम्ही यांच्या कोण?”

बाई उठल्या. पदर सारखा केला. मी त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता.

“कामाला हाय,” त्या म्हणाल्या.

“किती वर्षं?”

“अकरा.”

“नातं काही?”

“न्हाई, साहेब. मालक बरे हायेत. पण नातं न्हाई.”

साहेबांनी लिहून घेतले. माझ्या पायांखालची फरशी सरकायला हवी होती. हिशेब, नोटीस, कुलूप, सगळे डोळ्यांपुढे यायला हवे होते. ते नंतर आले. आधी, अण्णा, मला वाईट वाटले. सांगायला संकोच वाटतो: त्यांना खोटे शिकवले होते मीच, आणि त्या खोटे बोलल्या नाहीत म्हणून मनाला लागलेही माझ्याच. कुठेतरी माझी खात्री होती की त्या मला भाऊ म्हणतील. तुम्ही त्या शब्दावर विसंबलात ते ऐकणाऱ्याच्या जागेवरून. मी तर तो शब्द स्वतः रचून देऊन त्यावर विसंबलो. मूर्खपणात मी तुमच्या एक पायरी पुढे गेलो आहे, याची नोंद असावी.

बाहेर अध्यक्षांनी मला गाठले. “काय बे पंडित, एक बाई सांभाळता येईना तुला? सगळ्या बाजाराला खड्ड्यात घातलंस. उद्यापासून बंद कर तिला.” ते हरकतीच्या प्रती परत मागत होते, त्या मी दिल्या नाहीत. मागच्या बाजूला तुम्ही होतात. निर्णय मुंबईला होईल, त्याला महिने लागतील, असे लोक बोलत होते. मी उगाच बसस्टँडवरून एक फेरी मारली. चहा घेतला, अर्धा टाकला. मला दुकानात जायची भीती वाटत होती, माझ्याच दुकानात.

बाई माझ्या आधी येऊन पोचल्या होत्या. शटर अर्धे वर होते. नवा माल आला होता. त्या खोके फोडून डबे बाहेर काढीत होत्या आणि एकेक पुसून ओळीने मांडीत होत्या. मी गल्ल्यावर बसलो.

“मालक, काढताय का मला?” त्यांनी मान वर न करता विचारले.

“नाही,” मी म्हणालो. एवढे आखूड वाक्य माझ्या तोंडून निघाल्याचे त्यांनाही नवल वाटले असावे. त्यांनी हातातला डबा खाली ठेवला.

“मग पगाराचं?”

“ते… विचाराधीन आहे.”

“म्हंजे?”

“म्हणजे बघू.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डबा उचलून पुसू लागल्या. अजून पुसत आहेत. मी हे लिहितो आहे आणि आमच्यामध्ये सहा हात जागा आहे. हे पत्र मी मंडळाच्या फायलीत ठेवू शकत नाही, घरी नेऊ शकत नाही, आणि तुम्हाला तर पाठवू शकतच नाही. तेव्हा इथे खरे लिहायला हरकत नसावी. विचार कसलाच चालू नाही, अण्णा. किती द्यायला हवा, तो आकडा मला नव्या वेतनाचा सरकारी मसुदा आला त्या दिवसापासून पाठ आहे. उच्चारायची भीती वाटते.